लायगुडेबाईंचा शनिवार

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी दुपारी, अकरा तरुणांना समाजसेवक म्हणून व्यवसाय करण्याची नोंदणी मिळाली. त्यांच्या पदवीला व्यावसायिक मान्यता नव्हती. नोंदणी तरीही मिळाली, आणि नियमाप्रमाणे मिळाली. पहिला फोन धायरीला, इंदुमती लायगुडे यांना गेला. त्यांनी तो उचलला नाही, कारण त्या मेथी निवडत होत्या आणि हाताला माती होती. दुसरा फोन शेजारी म्हणून मला आला. मी कुंपणापाशी जाऊन सांगितले.

"किती जण?" त्यांनी विचारले.

"सगळे."

त्यांनी मान हलवली आणि उरलेली जुडी सोडायला घेतली.

लायगुडेबाई एका सरकारी रुग्णालयातून वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. माहेर आणि सासर दोन्ही धायरीतच. सासरची शेती कधीच इमारतींखाली गेली. घर तेवढे राहिले, दोन उंच इमारतींच्या मध्ये, पुढे ओसरी आणि ओसरीला चार पायऱ्या. उंची कमी, नऊवारी नाही, पाचवारी, आणि पायात मुलाचे जुने धावण्याचे बूट. रुग्णालयात त्या स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलत. चिडल्या की गावची भाषा यायची. वॉर्डातल्या परिचारिकांना हा इशारा ठाऊक होता. "जागा नाही म्हणता?" इथपर्यंत धोका नसे. "मंग ती खाट कुणासाठी रिकामी हाय?" हे ऐकू आले की दोन मिनिटांत खाट मिळे.

आमची पहिली भेट त्या रुग्णालयात झाली. वृत्तपत्रात आरोग्य हा विषय तेव्हा माझ्याकडे होता. मी विचारले, "सध्या निराधार रुग्ण किती आहेत?" त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "निराधार कुणी नाही. नातेवाईक न आलेले आहेत. त्यांना नावं आहेत. नावं विचारणार असाल तर बसा. नुसता आकडा हवा असेल तर बाहेर शिपाई सांगेल." मी बसलो. पुढे धायरीत घर घेतले तेव्हा कुंपणापलीकडे त्याच होत्या.

शहराच्या कडेला एका महाविद्यालयाने सामाजिक देखभाल या विषयाची पदवी सुरू केली होती. माहितीपुस्तिकेत 'मान्यताप्राप्त' असा शब्द होता. तो खोटा नव्हता. विद्यापीठाची मान्यता होती. व्यावसायिक परिषदेची नव्हती. परिषदेची अट अशी, की विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष काम नोंदणीकृत समाजसेवकाच्या देखरेखीखाली झाले पाहिजे. या महाविद्यालयात देखरेख करणारे कुणी नव्हते. मुले वृद्धाश्रमात जात, फळे वाटत, फोटो काढत आणि परत येत. पहिली तुकडी अशी पदवी घेऊन बाहेर पडली.

तीत प्रणाली वानखडे होती. वाशीमजवळच्या गावातली, वडील एसटीत वाहक. ती सदाशिव पेठेत तीन मुलींबरोबर एका खोलीत राहत होती. एका मोठ्या रुग्णालयाने तिला मुलाखतीला बोलावले. मुलाखत बरी चालली होती. शेवटी समोरच्या गृहस्थांनी विचारले, "परिषदेची नोंदणी?"

"ती कुठे करतात, सर?"

"तुमच्या पदवीवर होत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितले नव्हते. प्राचार्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "प्रोसेस चालू आहे." ती तीन वर्षे चालू होती. प्रणालीच्या वडिलांनी फोनवर विचार करून मुदत दिली. "येत्या दिवाळीच्या पुढची दिवाळी. तोपर्यंत पाहू. मंग गावी ये. तिथंबी माणसंच राह्यतात." गावी येणे म्हणजे लग्न, हे दोघांनाही माहीत होते, म्हणून कुणी बोलले नाही.

मी निवृत्त झालो होतो, तरी अधूनमधून लिहीत असे. या मुलांची बातमी मी लिहिली. ती छापून आली. महाविद्यालयाने खुलासा पाठवला, तोही छापून आला. बाकी काही झाले नाही. त्या रविवारी सकाळी कुंपणावरून आवाज आला.

"अहो, वाचलं तुमचं. मुलं बुडाली, हे कळलं. पोहायला कोण शिकवणार, ते कुठल्या पानावर हाय?"

गावची भाषा आली होती. मी त्यांना प्रणालीचा क्रमांक दिला.

परिषदेच्या नियमांत एक वाट होती. मान्यता नसलेल्या पदवीचा विद्यार्थी नोंदणीकृत समाजसेवकाच्या हाताखाली वर्षभर काम करून प्रत्यक्ष कामाची परीक्षा देऊ शकत होता. या वाटेने फारसे कुणी जात नसे. देखरेख करणाऱ्याला मोबदला नव्हता, आणि विद्यार्थी चुकला तर जबाब त्यालाच द्यावा लागे. बाईंनी त्या तुकडीतल्या अकरा जणांना हाताखाली घेतले. ही वाट बाईंना कशी ठाऊक, असे पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारले. "मी त्याच दारानं आत आले," त्या म्हणाल्या. त्यांनी जिथून पदविका घेतली ती संस्था त्यांच्या निकालानंतर बंद पडली होती. रुग्णालयातल्या एका ज्येष्ठ बाईंनी तेव्हा त्यांना वर्षभर हाताखाली घेतले. त्या ज्येष्ठ बाईंविषयी त्या एवढेच सांगत: "फार ओरडायच्या. बरोबर ओरडायच्या."

आठवडाभर मुले बाईंनी नेमून दिलेल्या एकेका वृद्धाच्या किंवा आजाऱ्याच्या घरी जात. शनिवारी दुपारी सगळी धायरीला येत. बस मुख्य रस्त्यावर सोडे, तिथून चालत. ओसरीवर सतरंजी असे आणि सतरंजीच्या मधोमध भाजीचा ढीग. हिवाळ्यात मटार, पुढे पावटा, कधी गवार, कधी नुसता लसूण. प्रत्येकाने ओंजळभर पुढ्यात घ्यायचे आणि सोलता सोलता आपल्या माणसाविषयी सांगायचे. वह्या पिशवीत. वाचून दाखवायचे नाही. एका मुलाने पहिल्या दिवशी नम्रपणे विचारले, की भाजी घरातली बाई निवडेल, आपण चर्चा करू या का? बाई म्हणाल्या, "हात रिकामे असले की माणूस भाषण करतो. हाताला काम दिलं की बोलतो. तू कुठल्या घरात भाषण करायला जाणार आहेस?"

ओसरीवर काही शब्दांना बंदी होती. 'केस' म्हणायचे नाही. भेटेल त्या वृद्धाला 'आजी' किंवा 'आजोबा' म्हणायचे नाही. "ती तुमची आजी नाही. तिला नातवंडं असतील तर ती वेगळी आहेत, नसतील तर तुम्ही कशाला आठवण करून देता? काय म्हणू ते विचारायचं." आणि 'बिचारा', 'बिचारी' हे शब्द ज्याच्या तोंडून निघतील त्याने उठून सगळ्यांचा चहा करायचा. पहिला महिना चहा बहुतेक प्रणालीने केला. तिसऱ्या शनिवारनंतर बाईंच्या सुनेने तिला साखरेचा डबा दाखवणे सोडून दिले.

प्रणालीला नेमून दिलेले घर सदाशिव पेठेतच होते. भिडे नावाचे गृहस्थ, बँकेतून निवृत्त, आणि निवृत्तीपूर्वी आणि नंतरही रविवारी क्लबच्या क्रिकेट सामन्यांत पंच. पत्नी वारली होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय आणि डावा हात अधू झाला होता. घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. कोथरूडला राहणारा पुतण्या रविवारी येई. मदतीला ठेवलेली माणसे टिकत नसत. भिडे कुणाला काढून टाकत नसत; बोलत, आणि माणसे आपणहून जात.

पहिल्या दिवशी प्रणाली दारातूनच म्हणाली, "नमस्कार, आजोबा!"

"मला नातवंडं नाहीत," भिडे म्हणाले. "असती तर चपला बाहेर काढून आली असती."

"सॉरी. मग काय म्हणू? काका?"

"भिडे म्हणा. नुसतं भिडे. साहेब बँकेतच राहिला."

वडिलांच्या वयाहून मोठ्या माणसाला नुसत्या आडनावाने हाक मारणे तिला जमेना. दोन आठवडे तिने त्यांना कोणतीही हाक मारली नाही. त्याऐवजी वस्तू नेल्या. एका संस्थेकडून वॉकर मिळवला. डब्याची सोय केली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची वेळ ठरवली. न्हाणीघरात लावायचा दांडा आणला. तिसऱ्या आठवड्यात ती खुर्चीवर ठेवायची खास गादी घेऊन आली तेव्हा भिडे म्हणाले, "दुकानच थाटायचं असेल तर खाली गाळा रिकामा आहे."

त्या शनिवारी तिने हे सगळे ओसरीवर सांगितले. शेवटी म्हणाली, "मी इतकं करते, पण ते काहीच वापरत नाहीत. बिचारे एकटे असतात..."

"चहा," बाकीचे दहा जण एका सुरात म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "चहा नंतर. त्यांना काय हवंय?"

"वॉकर लागतो, डबा लागतो, व्यायाम तर लागतोच..."

"लागतं ते डॉक्टर सांगतात. हवंय काय?"

प्रणालीने शेंग सोलायची थांबवली. "विचारलं नाही."

"मग तीन आठवडे काय केलंस? मालवाहतूक?"

ही चूक तिची एकटीची नव्हती. फळे वाटून पदवी मिळालेल्या त्या सगळ्यांना कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाता येत नव्हते. बाईंनी त्या दिवशी नियम केला: पुढचा महिनाभर कुणीही काहीही घेऊन जायचे नाही. बिस्किटाचा पुडाही नाही.

प्रणाली सोमवारी गेली. भिडे आवाज बंद ठेवून जुना सामना पाहत होते. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिले.

"आज काही विकायला नाही?"

"नाही."

"मग बसा."

ती बसली. बऱ्याच वेळाने तिने आवाज बंद का, असे विचारले. "समालोचकाला पायचीत कळत नाही," भिडे म्हणाले. तिलाही कळत नव्हते. तिने तसे सांगितले. भिड्यांनी काठीने फरशीवर खेळपट्टी आखून दाखवली. हे चार-पाच भेटी चालले. मग एके दिवशी तिने पहिल्यांदा हाक मारली आणि विचारले, "भिडे, तुम्हाला काय हवंय?"

"दाढी," ते म्हणाले.

पुतण्याने दाढी करायला माणूस घरी पाठवायची सोय केली होती, हे तिला ठाऊक होते. ती तसे म्हणाली. "घरी दाढी आजाऱ्याची करतात," भिडे म्हणाले. "माणूस दुकानात जातो." दुकान त्यांच्या गल्लीच्या टोकाला होते. खिडकीतून त्याची पाटी दिसे. आजारी पडल्यापासून भिडे तपासणीसाठी दोनदा खाली उतरले होते, दोन्ही वेळा खुर्चीत बसवून, चार माणसांच्या हातांनी.

पुढच्या शनिवारी भाजी बाजूला राहिली. बाईंनी मुलांना एकेक करून डावा पाय ओढणीने फळीला बांधायला लावला आणि ओसरीच्या पायऱ्या उतरायला सांगितले. "उतरताना अधू पाय आधी. चढताना चांगला आधी. काठी चांगल्या हातात. मदतीचा माणूस एक पायरी खाली, अधू बाजूला. हात धरायचा नाही. हात धरला की तो तुमच्या वेगानं उतरतो. खांदा जवळ ठेवा. लागला तर तो हात ठेवील." प्रणाली दोनदा पडली. दुसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, "आता कळलं त्यांना कसली भीती वाटते? ऊठ."

भिड्यांच्या डॉक्टरांना आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना विचारून काम सुरू झाले. आधी उंबरठ्यापर्यंत, मग पहिल्या वळणापर्यंत. पावसाळ्यात भिडे जिन्यात घसरले आणि दोन आठवडे खोलीबाहेर आले नाहीत. लागले फारसे नव्हते. पण पुतण्या चिडला आणि त्याने प्रणालीला येऊ नको म्हणून सांगितले. ती शनिवारी धायरीला आली ती बॅग भरायची ठरवूनच.

"बाई, मला नाही जमत. बाबांना सांगते, दिवाळीची वाट कशाला पाहायची."

"पुतण्यानं नको म्हटलं. भिडे काय म्हणाले?"

"ते काही बोलले नाहीत."

"ते बोलले नाहीत?" बाईंनी पावट्याची शेंग खाली ठेवली. "जो माणूस गप्प बसत न्हाय, तो तुला जा म्हणाला न्हाय. आन् तू निघालीस?"

प्रणाली सोमवारी पुन्हा गेली. दार पुतण्याने उघडले. आतून भिड्यांचा आवाज आला, "पंचाचा निर्णय अजून झालेला नाही. तिला आत घे."

गणपतीच्या आदल्या आठवड्यात भिडे रस्त्यावर आले. दुकानात जाऊन खुर्चीत बसले. दुकानदार अंगावर कापड टाकून म्हणाला, "नेहमीसारखी?" "आणखी कशासारखी?" भिडे म्हणाले. त्या दिवसापासून मंगळवार आणि शनिवार, सकाळी दहा, हे ठरले.

परीक्षा नवरात्रानंतर झाली. परिषदेने तीन परीक्षक पाठवले. प्रमुख होते सबनीस नावाचे निवृत्त प्राध्यापक, सौजन्यशील गृहस्थ. कोणत्या घरी जायचे ते परीक्षकांनी ठरवायचे होते. त्यांनी आधी प्रणालीला नेमलेले, भिड्यांचे घर निवडले. दिवस मंगळवार होता. देखरेख करणाऱ्याने आत यायचे नाही, असा नियम असल्याने बाई समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. मी त्यांच्या शेजारी होतो. वर काय झाले ते मी नंतर भिड्यांकडून आणि प्रणालीकडून वेगवेगळे ऐकले. दोन्ही हकिकती जुळतात. फरक इतकाच, की प्रणालीच्या मते तिचा आवाज कापत होता, आणि भिड्यांच्या मते नव्हता.

सबनीस खुर्चीपाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "काय आजोबा? कसं वाटतंय आता?"

"पाय गेलाय," भिडे म्हणाले. "कान शाबूत आहेत."

सबनीस ओशाळून हसले आणि प्रणालीकडे वळले. "बरं. यांच्यासाठी काय काय केलंत ते सांगा. पार्श्वभूमी, घरची परिस्थिती, अडचणी, सगळं."

प्रणाली म्हणाली, "सर, ते इथेच बसलेत. त्यांच्या घरच्या गोष्टी त्यांच्यासमोर मी कशा सांगू? त्यांना विचारा. त्यांना सांगायचं असेल ते सांगतील."

"परीक्षा तुमची आहे की त्यांची?"

"माझी आहे, सर. पण घर त्यांचं आहे."

भिड्यांनी घड्याळाकडे पाहिले. "दहाला दहा कमी आहेत. माझी दाढीची वेळ आहे. तुमचं काम उभ्यानं होणार असेल तर चला, नाहीतर बसा, तासाभरात येतो."

खाली आम्हाला आधी काठीचा आवाज आला. मग प्रणाली दिसली, एक पायरी खाली, डावीकडे, दोन्ही हात मोकळे. मग अधू पाय, मग भिडे. त्यांच्यामागे तीन परीक्षक, एकामागे एक, कारण जिना अरुंद होता. भिडे वळणावर थांबले की तिघेही थांबत. शेवटच्या पायरीवर भिड्यांनी क्षणभर प्रणालीच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला. मग ते रस्त्यावर उभे राहिले आणि शर्टाची बाही नीट केली.

"उतरले," बाई म्हणाल्या.

भिडे दुकानात गेल्यावर सबनीस रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. "बाई, या मुलांना तुम्ही वर्षभर काय शिकवलंत?"

"वाटाणे सोलायला," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात उरलेल्या दहा जणांची परीक्षा झाली. एका मुलाला पुन्हा बोलावले गेले आणि दुसऱ्या खेपेस तो उत्तीर्ण झाला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी, सगळ्यांची नोंदणी कळली. प्रणालीने वडिलांना फोन केला तेव्हा ते ड्यूटीवर होते. पुढे काय झाले ते त्यांनी स्वतः मला सांगितले. "टिकिटं काढता काढता साऱ्या गाडीले सांगतलं. एक म्हातारी म्हणे, पेढे कुठं हायेत? पुढच्या स्टॉपवर ड्रायव्हरनं गाडी थांबवली अन् पेढे घेतले. गाडी लेट झाली. लिहून देल्लं, कारण घरगुती."

ज्या रुग्णालयाने प्रणालीला परत पाठवले होते, त्याच रुग्णालयात ती दिवाळीनंतर रुजू झाली. मुलाखतीला तेच गृहस्थ होते. त्यांनी नोंदणीचा प्रश्न विचारला नाही, म्हणून तिने आपणहून सांगितले.

महाविद्यालयाने लायगुडेबाईंना सत्कारासाठी बोलावले. त्या गेल्या नाहीत. मग प्राचार्य स्वतः धायरीला आले. पुढच्या तुकड्यांची देखरेख बाईंनी आणि त्यांच्या ओळखीच्या निवृत्त समाजसेवकांनी करावी, अशी त्यांची विनंती होती. बाईंनी त्यांच्या पुढ्यात गवारीची ओंजळ ठेवली. प्राचार्यांनी ती मोडायला घेतली. बाईंनी एक अट घातली: परिषदेची मान्यता मिळेपर्यंत ती नाही हे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत छापायचे. प्राचार्य म्हणाले, "त्यानं प्रवेश कमी होतील, मॅडम." बाई म्हणाल्या, "होतील. जे येतील त्यांना कळून येऊ द्या." नवी पुस्तिका निघाली. ओळ पहिल्या पानावर आहे. प्रवेश थोडे कमी झाले. परिषदेचे पथक महाविद्यालयाची पाहणी करून गेले आहे. निर्णय अजून आलेला नाही.

भिडे मंगळवारी आणि शनिवारी दुकानात जातात. आता त्यांच्याबरोबर नव्या तुकडीतला विद्यार्थी असतो. त्याला पायचीत कळते, त्यामुळे वाद होतात.

गेल्या शनिवारी लायगुडेबाई नातवाच्या बारशाला चिंचवडला गेल्या होत्या. ओसरीवर सतरंजी नेहमीप्रमाणे घातलेली होती. मधोमध पावट्याचा ढीग होता. बाईंच्या जागी प्रणाली वानखडे बसली होती. साडेचारच्या सुमारास चहा झाला. तो नव्या तुकडीतल्या एका मुलीने केला.